देवमासा गातो हे जगाला कळलं, त्याची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांचा भाग ऐकायचा राहिला, किंवा ऐकल्यावर नावं आणि सालं पुन्हा एकदा बघायची आहेत, त्यांच्यासाठी.

आज मी एका एलपीची गोष्ट सांगणार आहे. एलपी म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या काळातली ती मोठी काळी तबकडी. ही तबकडी १९७० साली अमेरिकेत निघाली. तिच्यात शब्द नाहीत, वाद्यं नाहीत, ठेका नाही. तरी तिच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या. तिचं नाव ‘साँग्स ऑफ द हंपबॅक व्हेल’. गाणारे होते समुद्रातले देवमासे.

एक विनंती आहे. पुढे वाचण्याआधी हे नाव फोनवर शोधा आणि हेडफोन लावून दोन मिनिटं ऐका. खाली कुठेतरी दार करकरल्यासारखा आवाज येतो, मग एक लांब हुंकार, मग अचानक वर चढत जाणारी शीळ. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे जनावर असेल असं मला वाटलंच नाही.

या तबकडीनं देवमासे वाचवले, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते खरं आहे का? किती खरं आहे? आणि या गोष्टीत आपला अरबी समुद्र कुठे येतो? आजचा भाग या तीन प्रश्नांचा आहे.

देवमासा म्हणजे तेल

विसाव्या शतकाच्या मधोमध जगाला देवमासा कसा दिसायचा, तर तेलाच्या पिंपासारखा. त्याच्या चरबीचं तेल साबणात जायचं, मार्गारीनमध्ये जायचं, यंत्रांच्या वंगणात जायचं. स्पर्म व्हेलचं तेल अमेरिकेत मोटारींच्या गिअरबॉक्समध्येसुद्धा वापरलं जात होतं. मांस काही देशांत माणसांच्या ताटात, तर काही ठिकाणी कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात जायचं.

१९४६ साली शिकारी देशांनी एकत्र येऊन एक करार केला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग उभा राहिला. उद्देश असा की, शिकार अशी करावी की धंदा टिकून राहील. या आयोगाकडे मोजमापाचं एक एकक होतं, ‘ब्लू व्हेल युनिट’. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन व्हेल, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई व्हेल. कुठल्या जातीचे किती उरलेत, हा विचार या हिशेबात बसतच नव्हता. एका हंगामात एकूण अमुक इतकी युनिटं मारा, मग ती कुठल्याही जातीची असोत. साहजिकच जो सगळ्यात मोठा, त्याच्या मागे सगळे लागले. तो संपत आला की पुढची जात.

पुढे शास्त्रज्ञांनी सगळ्या नोंदी एकत्र करून बेरीज मांडली. एकट्या विसाव्या शतकात माणसानं सुमारे २९ लाख मोठे देवमासे मारले.

आणि हे होत असताना सामान्य माणसाला काय वाटत होतं? काहीच नाही. कारण त्यानं देवमासा कधी पाहिलेला नव्हता. पाहिला तर मेलेला, किनाऱ्यावर सडणारा. जिवंत देवमासा वर येतो, श्वास घेतो, शेपूट दाखवतो आणि जातो. पाण्याखाली तो काय करतो, याचा पत्ता कुणालाच नव्हता.

लष्करी कानांना लागलेलं गाणं

आता जाऊया बर्म्युडाला. अटलांटिक महासागरातलं हे छोटंसं बेट. १९५० च्या दशकात तिथे फ्रँक वॉटलिंग्टन नावाचा इंजिनिअर अमेरिकी नौदलासाठी काम करत होता. शीतयुद्धाचा काळ. समुद्रात खोलवर मायक्रोफोन सोडायचे आणि पाण्याखालचे स्फोट, पाणबुड्या असले आवाज टिपायचे, हे काम. अशा मायक्रोफोनला हायड्रोफोन म्हणतात.

इथे थोडं विज्ञान. आवाज पाण्यात हवेपेक्षा चार-साडेचार पट वेगानं जातो. शिवाय समुद्रात एका ठरावीक खोलीवर असा थर असतो की त्यात शिरलेला आवाज वर-खाली न पसरता त्या थरातूनच शेकडो किलोमीटर जातो. नळीतून बोलल्यासारखं. नौदलाला रस होता तो या थरात.

पण त्या नळीत वॉटलिंग्टनला वेगळंच काही ऐकू आलं. दर वर्षी ठरावीक महिन्यांत येणारे, लांबलचक, विचित्र आवाज. हे हंपबॅक देवमाशांचे आहेत हे त्याच्या लक्षात आलं. हंपबॅक म्हणजे १३ ते १५ मीटर लांब, भल्यामोठ्या पंखांसारखे पर असलेला देवमासा. आपली एसटी साधारण ११-१२ मीटरची असते, त्यावरून अंदाज घ्या.

वॉटलिंग्टननं हे आवाज टेपवर साठवले आणि त्यांचा गाजावाजा केला नाही. त्याला भीती होती की, शिकाऱ्यांना कळलं तर ते याच आवाजाचा माग काढत देवमाशांपर्यंत पोहोचतील.

सिगारचं थोटूक

इकडे अमेरिकेत रॉजर पेन नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ होता. त्याचा विषय होता घुबड आणि वटवाघूळ अंधारात आवाजावरून दिशा कशी ओळखतात. देवमाशाशी त्याचा काही संबंध नव्हता.

१९६० च्या दशकातली गोष्ट. बॉस्टनजवळच्या रेव्हिअर बीचवर एक मेलेला डॉल्फिन वाहून आलाय, असं त्यानं रेडिओवर ऐकलं आणि तो रात्री पावसात बघायला गेला. पोहोचेपर्यंत लोक येऊन गेले होते. कुणी आठवण म्हणून शेपूट कापून नेलं होतं. कुणी अंगावर चाकूनं आपल्या नावाची आद्याक्षरं कोरली होती. आणि कुणीतरी त्याच्या श्वास घ्यायच्या छिद्रात सिगारचं थोटूक खोचून ठेवलं होतं.

पेननं पुढे अनेकदा सांगितलं की, त्या रात्रीनं त्याच्या कामाची दिशा बदलली. ती माणसं दुष्ट होती असं मला वाटत नाही. तो प्राणी त्यांच्या लेखी कुणीच नव्हता, एवढंच. किनाऱ्यावर पडलेली एक वस्तू. आणि वस्तूबद्दल कुणाला वाईट वाटत नाही.

१९६७ मध्ये रॉजर पेन आणि त्याची पत्नी केटी पेन बर्म्युडाला गेले. तिथे त्यांची गाठ वॉटलिंग्टनशी पडली. इतकी वर्षं जपलेल्या टेप त्यानं या जोडप्याला ऐकवल्या आणि पुढे त्यांच्या हवाली केल्या. या लोकांच्या हातात त्या गेल्या तर देवमाशांचं भलं होईल, असा त्याला विश्वास वाटला.

आवाज आणि गाणं यात फरक काय?

आता खरी गंमत. आवाज तर सगळेच प्राणी काढतात. मग याला गाणं का म्हणायचं?

केटी पेननं संगीताचं शिक्षण घेतलेलं होतं. स्कॉट मॅकव्हे आणि त्याची पत्नी हेला मॅकव्हे हे दुसरं जोडपंही याच आवाजांवर काम करत होतं. हेला गणिताची. या मंडळींनी आवाज कागदावर उमटवले. वर-खाली जाणारा सूर म्हणजे कागदावर वर-खाली जाणारी रेघ. असे लांबच लांब कागद जमिनीवर पसरून बघितले, तेव्हा नमुना दिसायला लागला. तोच क्रम पुन्हा येतोय. मग पुन्हा. आणि पुन्हा.

आपल्या भाषेत सांगायचं तर, एक छोटी ओळ, ती अनेकदा घोळवायची. मग दुसरी ओळ, तीही घोळवायची. अशा सगळ्या ओळी ठरलेल्या क्रमानं संपल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक गाणं सात मिनिटांपासून तीस मिनिटांपर्यंत चालतं आणि मध्ये न थांबता देवमासा तेच गाणं तासन् तास गात राहू शकतो. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांचा शोधनिबंध ऑगस्ट १९७१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. शीर्षकातच ‘साँग्स’, गाणी, असा शब्द होता. शास्त्रीय भाषेत गाण्याची व्याख्या देऊन, पुराव्यासकट.

पुढच्या वर्षांत आणखी कळलं. गातात ते नर. एका भागातले सगळे नर एका हंगामात साधारण एकच गाणं गातात. आणि गाणं बदलत जातं. केटी पेननं वर्षानुवर्षांच्या टेप लावून दाखवून दिलं की, यंदाचं गाणं गेल्या वर्षीच्या गाण्यातूनच हळूहळू तयार होतं. जुन्या ओळी गळतात, नव्या येतात आणि सगळे गायक त्या उचलतात. म्हणजे हे एकमेकांकडून ऐकून शिकणं आहे.

तबकडी फिरायला लागली

पेन मंडळींनी एक साधा निर्णय घेतला, आणि मला वाटतं तोच सगळ्यात महत्त्वाचा. ‘देवमासे वाचवा’ असं भाषण न देता त्यांनी देवमासे लोकांना ऐकवले. शोधनिबंध छापून यायच्या आधीच, १९७० मध्ये, एलपी बाजारात आली. सोबत पुस्तिका होती, इंग्रजी आणि जपानी अशा दोन भाषांत. जपान हा मोठा शिकारी देश, म्हणून जपानी.

मग तो आवाज कुठे कुठे गेला बघा. त्याच वर्षी संगीतकार अ‍ॅलन होव्हानेस याची, देवमाशांचे मूळ आवाज वापरलेली रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदानं वाजवली. गायिका जूडी कॉलिन्सनं देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या खलाशाचं एक जुनं स्कॉटिश गीत गायलं, आणि साथीला देवमाशांचेच आवाज घेतले. शिकाऱ्याचं गाणं आणि शिकारीचा आवाज एकाच वेळी कानावर पडतात. त्यावर वेगळं भाष्य करायची गरजच नाही.

१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. आपल्याकडून पंतप्रधान इंदिरा गांधी गेल्या होत्या. त्या परिषदेनं व्यापारी शिकार दहा वर्षं थांबवावी असा ठराव केला. व्हेलिंग आयोगानं तो मानला नाही. पण आता विषय शिकाऱ्यांच्या खोलीतून बाहेर पडला होता. त्याच वर्षी अमेरिकेनं सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. जून १९७५ मध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात रबरी बोटी घेऊन सोव्हिएत शिकारी जहाज आणि देवमासे यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. हार्पून त्यांच्या डोक्यावरून गेला. ते चित्रण जगभर टीव्हीवर दिसलं.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानं आकाशात गेली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, पृथ्वीची ओळख म्हणून. त्या तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. आणि नमस्कारांच्या त्याच संचात हंपबॅकचा आवाजही आहे. शिवाय त्या तबकडीत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. मराठी, केसरबाई आणि देवमासा, तिघंही एकाच तबकडीवरून सूर्यमालेच्या बाहेर निघालेत!

जानेवारी १९७९ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानं अंकासोबत देवमाशांच्या गाण्याची पातळ प्लास्टिकची तबकडी दिली. तिच्या १ कोटी ५ लाख प्रती काढल्या. एकाच वेळी इतक्या तबकड्या त्याआधी कधी निघाल्या नव्हत्या.

आणि २३ जुलै १९८२. इंग्लंडमधलं ब्रायटन. व्हेलिंग आयोगात व्यापारी शिकार थांबवण्याच्या ठरावावर मतदान झालं. बाजूनं २५, विरोधात ७, तटस्थ ५. भारत १९८१ मध्ये आयोगाचा सदस्य झाला होता. भारतानं आणि ओमाननं बाजूनं मत दिलं. ओमानचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. ही बंदी १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाली. नॉर्वेनं ती मानली नाही. जपाननं २०१९ मध्ये आयोग सोडला आणि आपल्या समुद्रात शिकार पुन्हा सुरू केली. तरीही, पूर्वी वर्षाला हजारोंनी देवमासे मारले जायचे, ते थांबलं.

मग तबकडीनंच वाचवलं का?

इथे जरा थांबूया. इतिहास सांगताना एका वस्तूला सगळं श्रेय द्यायचा मोह होतो.

काही गोष्टी तबकडीच्या आधीच घडल्या होत्या. देवमासे इतके कमी झाले होते की शिकार परवडेनाशी झाली होती. तेलाला पर्याय आले होते. आणि हंपबॅकच्या शिकारीवर तर १९६६ पर्यंत जवळपास सगळीकडे कागदोपत्री बंदी आलीसुद्धा होती. तबकडीच्या चार वर्षं आधी. ज्या शास्त्रज्ञांनी आकडे मोजले, ज्या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं बैठकांत वाद घातले, त्यांचं काम गाण्याइतकं गोड नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

तबकडीनं एक गोष्ट केली. ज्याला आवाज नाही असं लोक समजत होते, त्याला आवाज आहे हे दाखवलं. रेव्हिअर बीचवर थोटूक खोचणारा माणूस आणि १९७९ मध्ये मासिकातली तबकडी मुलांना वाजवून दाखवणारा माणूस, दोघं एकाच देशातले, मधे फार तर पंधरा वर्षं. त्या पंधरा वर्षांत देवमासा ‘काहीतरी’चा ‘कुणीतरी’ झाला. एवढं झाल्यावर लोक खासदारांना पत्रं लिहायला लागले, वर्गणी द्यायला लागले, मोर्चात जायला लागले.

पण या गोष्टीला एक काळी बाजू आहे आणि ती आपल्या दारात येते.

नोव्हेंबर १९६६, अरबी समुद्र

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाची शिकारी जहाजं जगभर फिरत होती. किती मारले याचे आकडे ते आयोगाला देत होते. ते आकडे खोटे होते. दक्षिण गोलार्धात त्यांनी ४८ हजारांहून जास्त हंपबॅक मारले आणि कळवले जेमतेम २,७१०. सगळ्या जाती मिळून जवळपास १ लाख ८० हजार देवमासे त्यांनी नोंदीत दाखवलेच नाहीत. कारण? पंचवार्षिक योजनेतलं वजनाचं उद्दिष्ट. मालाची तेवढी गरज नव्हती, बराचसा वाया जायचा. पण उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्यांना बक्षीस होतं.

हे जगाला कळलं १९९३ मध्ये, सोव्हिएत संघ कोसळल्यावर, रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी जाहीर केल्यामुळे. आणि खरे आकडे सापडले कारण जहाजांवरच्या काही जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी लपवून जपल्या होत्या. एकानं तर आपल्या बटाट्याच्या तळघरात!

त्या नोंदींत आपल्या समुद्राचंही पान निघालं. युरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञानं १९९७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. सोव्हिएत ताफ्यांनी अरबी समुद्रात, ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्याजवळ, २४२ हंपबॅक मारले. जवळपास सगळे नोव्हेंबर १९६६ मध्ये. त्या वेळी बर्म्युडाच्या टेप वॉटलिंग्टनकडे पडून होत्या. आणि आपल्याकडे याची कुणाला खबरसुद्धा नव्हती.

२४२ हा आकडा लहान वाटतो ना? आता पुढचं ऐका.

जगातले बहुतेक हंपबॅक दर वर्षी हजारो किलोमीटर प्रवास करतात. खायला थंड ध्रुवीय पाण्यात, वीण घालायला उष्ण पाण्यात. अरबी समुद्रातले हंपबॅक कुठेच जात नाहीत. याचं कारण आपला मान्सून. जो नैऋत्य वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच वारा ओमानच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाजूला ढकलतो आणि खालचं थंड, सकस पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्मजीव वाढतात, त्यावर मासळी. देवमाशाला दारातच जेवण मिळतं, मग तो अंटार्क्टिकाला कशाला जाईल? मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या पिल्लांची वाढ तपासल्यावर दिसलं की, यांचा विणीचा काळ उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्याशी जुळतो. म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नाहीत, इथलेच रहिवासी. पुढे २०१४ मध्ये जनुकीय अभ्यास आला. त्यानुसार हे देवमासे सुमारे ७० हजार वर्षं बाकीच्यांपासून वेगळे राहिलेत.

आणि ओमानजवळच्या फोटोंवरून, शेपटीच्या खालच्या बाजूचे ठसे ओळखून, जो अंदाज काढला गेला तो होता ८२ च्या आसपास. शंभरसुद्धा नाहीत. बाहेरून येऊन कुणी भर घालणार नाही. अशा कळपातून एका महिन्यात दोनशेवर गेले असतील, तर काय उरलं असेल, विचार करा.

बाकी जगातले हंपबॅक सावरलेत. ब्राझीलच्या बाजूचा कळप काही शेकड्यांवरून २५ हजारांच्या घरात गेला. २०१६ मध्ये अमेरिकेनं हंपबॅकच्या १४ पैकी ९ गटांना संकटग्रस्त यादीतून काढलं. अरबी समुद्रातला गट यादीतच राहिला.

लुबान आली होती

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानजवळ शास्त्रज्ञांनी एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान, अरबीत म्हणजे ऊद, धूप. ती निघाली ती थेट पूर्वेकडे. अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला. असा प्रवास पहिल्यांदाच नोंदवला गेला. म्हणजे ओमानचे देवमासे आणि आपले देवमासे वेगळे नाहीत. एकच छोटं कुटुंब दोन्ही किनारे वापरतंय.

आणि त्याच वर्षी, गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ, पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनवर हंपबॅकचं गाणं टिपलं गेलं. गोव्याला जाणारे आपण सगळे. त्या बेटाजवळ स्कूबा डायव्हिंगला गेलेलेही तुमच्यात असतील. त्याच पाण्यात नर गात होता.

आज हार्पूनची भीती नाही. भीती आहे जाळ्यांची आणि जहाजांची. ओमानच्या फोटोंतल्या कित्येक देवमाशांच्या अंगावर जाळ्याच्या दोऱ्यांचे वण दिसतात. अरबी समुद्र हा जगातल्या गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक आहे. रॉजर पेननंच १९७१ मध्ये डग्लस वेब या सहकाऱ्याबरोबर मांडलं होतं की, मोठ्या देवमाशांचे खोल सूर, जहाजं नसलेल्या जुन्या समुद्रात, महासागरभर ऐकू जात असतील. जहाजांच्या पंख्यांचा घरघराट नेमका त्याच खालच्या पट्टीत असतो. ऐंशी-शंभर जीव एवढ्या मोठ्या समुद्रात विखुरलेले, आणि एकमेकांना शोधायचं साधन फक्त आवाज. त्यात गोंगाट.

आपल्या कानावर काय येतं?

आता स्वतःलाच विचारा. मराठी बातम्यांत देवमासा तुम्ही शेवटचा कधी वाचला? बहुतेक वेळा बातमी एकच असते: ‘व्हेलच्या उलटीची तस्करी, इतक्या कोटींचा माल जप्त’. ती उलटी म्हणजे अंबरग्रीस, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. आपल्याकडे त्याचा व्यापार बेकायदा आहे, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यात देवमाशाला सर्वोच्च संरक्षण आहे. पण बातमीत आकडा रुपयांचा असतो. पुन्हा तेच, पिंपाचा हिशेब.

दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी हा भाग संपवणार नाही. नोव्हेंबर २०२३, दिवाळीचे दिवस. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं. गावकरी, वनविभाग, पोलीस, मच्छीमार, पर्यटक, सगळे मदतीला. ओली कापडं टाकली, पाणी मारत राहिले, रात्र काढली, शेवटी त्याला खोल पाण्यात सोडलं. ते पुन्हा किनाऱ्याकडे आलं आणि वाचलं नाही. वाईट झालं. पण रेव्हिअर बीच आठवा, आणि गणपतीपुळे बघा. इथे कुणी चाकू काढला नाही.

आणि महाराष्ट्र शासनाची एक योजना आहे, २०१८ च्या डिसेंबरपासून. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडून दिलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं कापणं म्हणजे पोटावर सुरी. तरी दादा-काका लोक कापतात. समुद्राची खरी जनजागृती मला तिथे दिसते.

आपल्यापैकी बरेच जण समुद्रापासून लांब राहतात. तरी तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. किनाऱ्यावर देवमासा किंवा डॉल्फिन अडकलेला दिसला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. मदत येईपर्यंत गर्दी लांब ठेवा, अंगावर ओलं कापड टाका, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका आणि शेपटीला धरून ओढू नका. दुसरं, सेल्फी नको. आणि तिसरं, ते गाणं शेअर करा. रॉजर पेन २०२३ च्या जूनमध्ये गेला. शेवटपर्यंत त्याचं म्हणणं तेच होतं, की लोकांना आधी ऐकू द्या.

१९७० मध्ये हे गाणं ऐकायला एलपी विकत घ्यावी लागायची, घरी प्लेअर असावा लागायचा. आज ते आपल्या खिशात आहे. आणि गाणारे, मोजके का होईना, अजून आपल्या समुद्रात आहेत.

भाग आवडला तर एखाद्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या मित्राला नक्की पाठवा. तुमच्या गावच्या किनाऱ्यावर देवमाशाबद्दल काय सांगितलं जातं, तेही मला कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, ऐकत राहा!